सासऱ्यासाठी बिनपगारी रजा

मध्य प्रदेशातल्या बोरगावच्या एका सूतगिरणीत मी तेव्हा सतरा वर्षांचा जुना कामगार होतो. रिंग फ्रेम नावाच्या लांबलचक मशीनवर धागा तुटला की जोडायचा, बॉबिन भरली की काढायची आणि आठ तास या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं, हे माझं काम. त्या सतरा वर्षांत मी लग्नासाठी, मुलीच्या जन्माच्या वेळी आणि एकदा कावीळ झाली तेव्हा मोठी सुट्टी घेतली होती. पण तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागायला हजेरी-रजा पाहणाऱ्या टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी उभा राहिलो, तेव्हा माझा आवाज आपोआप खाली गेला.

खिडकीतला बाबू छिंदवाड्याकडचा, हिंदी बोलणारा. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"किसके लिए?"

"ससुर के लिए."

"उनका लड़का नहीं है?"

"है. पुणे में है."

"तो?"

मागच्या रांगेतून माझ्याच खात्यातला एक जण म्हणाला, "घरजावई बनून राहिला काय बे?" चार जण हसले. बाबू हसला नाही. त्याने ड्रॉवरमधून छापील फॉर्म काढला. त्यात रुग्णाशी नातं लिहायची जागा होती आणि पुढे माता, पिता, पत्नी, संतान एवढेच शब्द छापलेले होते. त्याने पेन थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग 'पिता'वर खूण केली.

"तीन महीने," तो म्हणाला. "एक दिन भी ऊपर हुआ तो नाम कट जाएगा, भैया. मेरे हाथ में कुछ नहीं है."

मी मान हलवली. मला वाटलं होतं, तीन महिने खूप झाले.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. ते रेल्वेत गँगमन होते. पांढुर्णा ते तिगाव या टप्प्यात रुळांखाली गिट्टी भरायची, ढिले झालेले बोल्ट आवळायचे, उन्हाळ्यात रूळ फुगला की लाल झेंडी घेऊन पळायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर ते पांढुर्ण्यात, लाइनीच्या जवळच्या बौद्ध मोहल्ल्यात, दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत. सासूबाई फार पूर्वी वारल्या होत्या, माझी बायको चौदा वर्षांची असताना, नागपूरच्या दवाखान्यात. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं आहे.

त्या वर्षी शेतात कापूस फुटायला लागला त्या सुमाराला मामाजींना भाकर गिळताना अडकायला लागली. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. भाकर सोडून वरणभात खाल्ला, भात सोडून नुसतं वरण प्यायले, मग दुधावर आले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा अंगातला सदरा दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून माझ्या बायकोला बाजूला घेतलं. ती स्वतः नर्स आहे म्हणून त्यांनी आडपडदा ठेवला नाही. अन्ननलिकेचा कॅन्सर होता आणि तो पसरलेला होता. त्यांनी दहा दिवस किरणांचे शेक दिले, नाकातून पोटात जाणारी नळी बसवली आणि म्हणाले, आता घरी न्या, सेवा करा.

सेवा कोणी करायची, हे कोणी बोललं नाही. माझ्या साळ्याची पुण्यातली नोकरी नवी होती आणि त्याच्या बायकोला सातवा महिना होता. माझी बायको सौसरमध्ये एका दवाखान्यात करारावर नर्स. तिचा करार मार्चमध्ये संपायचा आणि लांब सुट्टीवर गेलेल्यांचा करार पुन्हा होत नसे. ती रोज ड्युटीवरून आली की बाबांना फोन करायची. ते घोगऱ्या आवाजात 'मी बरा आहे' म्हणायचे. फोन ठेवून ती कणीक मळायला बसायची आणि मळतच राहायची.

शेजारच्या एक बाई दिवसातून दोनदा येऊन नळीतून दूध घालून जायच्या. एका रविवारी आम्ही गेलो, तर मामाजी ओल्या चादरीवर बसलेले होते. सकाळपासून तसेच. बायकोने चादर बदलली, त्यांना पुसलं, पावडर लावली, आणि संध्याकाळच्या बसने आम्ही परत निघालो. अर्धा रस्ता ती खिडकीबाहेर पाहत होती.

मी म्हणालो, "मी राहतो त्यांच्यापाशी."

"तुम्ही?"

"हाव."

"बाबा नाही राहू देणार तुम्हाले," ती म्हणाली. पण राहू नका असं म्हणाली नाही.

मी हे काही फार मोठं मन करून केलं, असं लोक नंतर बोलले. तसं नव्हतं. त्या ओल्या चादरीनंतर गप्प बसणं मला जमलं नाही, एवढंच. आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं की महिन्याभराचा प्रश्न आहे. माझी आई आमच्या मुलीजवळ राहायला लोधीखेड्याहून आली. आल्या आल्या म्हणाली, "माह्या गुडघ्याचं आपरेशन झालं तवा तू तिसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला होता." खरं होतं ते. मग तिने माझ्या पिशवीत स्वतःची गोधडी भरून दिली.

मी पांढुर्ण्याला पोचलो तेव्हा मामाजी स्वच्छ सदरा घालून बाजेच्या कडेला बसलेले होते. जावई येणार म्हणून शेजारच्या बाईंकडून त्यांनी दुसऱ्या खाटेवर नवी चादर घालून घेतली होती. पंधरा वर्षं मी त्यांच्या दारात आलो की ते स्वतः तांब्या घेऊन पाय धुवायला पाणी द्यायचे. त्या दिवशीही उठले. भिंतीला धरून दोन पावलं टाकली आणि पुन्हा खाली बसले.

"जावईबापू, दोन रोज राहा," ते म्हणाले. "मंग जा. मी करून राहिलो ना माह्यं."

चार दिवस त्यांनी मला अंगाला हात लावू दिला नाही. नळीतून दूध घालू देत, कारण ते त्यांना स्वतःला जमत नव्हतं. बाकी सगळं भिंत धरून, दार धरून, बसत-उठत ते एकटेच करायचे. संडास अंगणाच्या टोकाला होता. मी मागोमाग गेलो की थांबायचे आणि मी परत फिरेपर्यंत पाऊल उचलायचे नाहीत.

पाचव्या दिवशी ते संडासाच्या पायरीवर पडले. लागलं फार नाही, पण कपडे खराब झाले. मी त्यांना उचललं. उचलायला मला जोर लावावा लागला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"तुमच्या हातानं नोको," ते म्हणाले. "तिले बोलवा."

"ती ड्युटीवर आहे, मामाजी."

"मंग राहू द्या असंच."

मी तसं राहू दिलं नाही. पाणी गरम केलं, त्यांना पाटावर बसवलं, आंघोळ घातली. पूर्ण वेळ त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं आणि डोळे मिटले होते. नडग्यांवर जुन्या जखमांचे पांढरे डाग होते, गिट्टी लागून झालेले. माझा हात या कामाला नवा होता. साबण त्यांच्या डोळ्यात गेला, नळीला धक्का लागला, पाणी कधी जास्त गरम, कधी थंड. ते एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. दिवा लावल्यावर म्हणाले, "लुंगी उलटी गुंडाळली तुम्ही."

मी ती सरळ करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापलं तेव्हा ते आपणहून पाटावर येऊन बसले.

मग दिवसांना एक चाल आली. दर दोन तासांनी नळीतून काहीतरी द्यायचं. मुगाचं पाणी, दूध, ताक, भाज्यांचं सूप. सगळं पातळ फडक्यातून दोनदा गाळायचं, नाहीतर नळी तुंबते. पिचकारी उंच धरायची म्हणजे हळूहळू उतरतं. डोकं वर ठेवायचं, नळीवरची खूण सरकली नाही ना ते पाहायचं, कूस बदलायची, पाठीला स्पिरिट आणि पावडर. हे सारं बायकोने मला व्हिडिओ कॉलवर शिकवलं. तिच्या वार्डातल्या शिकाऊ पोरींशी ती ज्या आवाजात बोलत असेल त्याच आवाजात बोलायची. कधी मध्येच थांबायची आणि म्हणायची, "फोन बाबाकडे करा. बोलू नका, नुसता धरा." मी धरायचो. बापलेक एकमेकांकडे पाहत बसायचे.

मामाजींना गाड्यांचा आवाज ओळखू यायचा. लाइन जवळ होती. पडल्या पडल्या बोट वर करायचे. "तिगावकडून येऊन राहिली. मालगाडी. भरलेली." मी दारातून पाहायचो, तर तशीच निघायची. बाहेर संत्र्यांचे ट्रक भरले जात होते, सगळ्या रस्त्याला तो वास होता. मी एकदा संत्र्याची फोड त्यांच्या जिभेवर धरली. त्यांनी चोखली, पण गिळताना ठसका लागला आणि त्यानंतर तासभर खोकला थांबला नाही. बायको फोनवर मला खूप रागावली.

एका शनिवारी ते म्हणाले, "उद्या मटण आणा."

मला वाटलं, ग्लानीत बोलतात. "कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. दीड महिना झाला, तुम्ही माह्या घरी वरणभात खाऊन राहिले. जावई आहा तुम्ही."

रविवारी मी अर्धा किलो मटण आणलं. बाजेवरून ते सांगत गेले आणि मी करत गेलो. कांदा किती भाजायचा, खोबरं केव्हा, मसाला केव्हा, वरून हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाका म्हणून. वास घरभर झाला. मी ताट घेऊन आतल्या खोलीत जायला लागलो, तर म्हणाले, "इथं बसा. माह्यासमोर खा."

"माझ्याच्यानं नाही होणार, मामाजी."

"खा ना. मले वास तर येऊनच राहिला. तोंड पाहू द्या."

मी त्यांच्यासमोर जेवलो. माझा घास घशाखाली उतरेपर्यंत ते पाहत होते.

"मीठ?"

"थोडं कमी आहे."

"तरी म्हणलं," ते म्हणाले. मग मटणाची एक फोड मागितली. मी बारीक करून दिली. त्यांनी ती फार वेळ चावली, वाटीत थुंकली आणि पंच्याने तोंड पुसलं. "चांगली झाली भाजी." पुढचे दोन रविवार त्यांनी मला हेच करायला लावलं. तिसऱ्या रविवारी त्यांना वासाने मळमळलं आणि ते बंद झालं. त्यानंतर मी स्वतः फार दिवस मटण खाऊ शकलो नाही.

तिसरा महिना लागला तसे ते जास्त वेळ झोपून राहायला लागले. दुखणं वाढलं. बायको नागपूरहून गोळ्या आणायची, त्या कुटून पाण्यात विरघळवून नळीतून द्यायच्या. गोळी उतरली की तीन-चार तास बरे जायचे. मग कण्हणं सुरू. ते ओरडत नसत. दात दाबून श्वास घेत, आणि तो श्वास मोजत मी बसलेला असे.

एक गोष्ट लिहून टाकतो, कारण ती खरी आहे. त्या दिवसांत माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जायची. आज अमुक तारीख, रजा अमुक दिवशी संपते. या आठवड्यात गेले तर मागचं सगळं आटोपून मी वेळेवर कामावर पोचतो. असा हिशेब मी त्यांच्या नळीत ताक ओतताना करायचो. कोणाला बोललो नाही. पण केला.

ते गेले नाहीत. शेवटच्या आठवड्यात मी टाइम ऑफिसला फोन केला. बाबू म्हणाला, "मैंने पहले ही बोला था, भैया." त्याचाही आवाज पडलेला होता. बायकोला मी सांगितलं की रजा वाढली, साहेब चांगला निघाला. मी कामावर परतलो असतो तर तिला नोकरी सोडून यावं लागलं असतं, नाहीतर मामाजींना पुन्हा त्या ओल्या चादरीवर सोडावं लागलं असतं. खरं सांगून काय करणार होतो?

रजा संपली तो सोमवार होता. दुपारी मी त्यांची बाज अंगणातल्या उन्हात ओढली होती. पाठीला तेल लावत होतो.

"आज तुमची ड्युटी लागणार होती ना?" त्यांनी विचारलं. ते तारखा मोजत असतील, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"साहेबानं रजा वाढवून देली."

"किती?"

"लागंल तितकी."

"कोण्या साहेबानं?"

"आमच्या मोठ्या साहेबानं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. एक गाडी गेली. त्यांनी बोट वर केलं नाही. गाडी गेल्यावर म्हणाले, "साहेबाच्या नावानं मीबी एकदा खोटं बोललो होतो."

त्यांचा आवाज तोवर इतका बसला होता की मला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागला.

"तुमची सासू नागपूरले भरती होती. पोरगी तिच्यापाशी होती, अन् माही बहीण. मी निरोप धाडला, का साहेब रजा देऊन नाही राहिला."

"देत नव्हता?"

"मी मागितलीच नाही."

मी तेलाचा हात थांबवला.

"रजा पडून होती. पुष्कळ. साहेब बिचारा रोज विचारे, घरची कशी आहे. मी म्हणो, बरी आहे."

"मग गेले काहून नाही?"

"दोनदा गेलो होतो. तिच्या तोंडाकडे पाहवे ना. ती माह्याकडे पाहे, अन् मले वाटे आता ही काही विचारन. तिथं बसून मी करू काय? हाताले काम नाही. रुळावर बरं वाटे. बोल्ट आवळला का आवळला." बराच वेळ श्वास घेऊन ते म्हणाले, "ती गेली तवा मी ड्युटीवर होतो."

मी विचारलं, "पोरीले माहीत आहे हे?"

"तिनंच तर माहा निरोप तिच्या आईले सांगितला."

मग त्यांनी पाणी मागितलं. मी पिचकारी भरून नळीतून पाणी दिलं. हे तिला सांगा, असं ते म्हणाले नाहीत. सांगू नका, असंही म्हणाले नाहीत.

मला या गोष्टीची दुसरी बाजू पंधरा वर्षांपासून माहीत होती. माझ्या बायकोच्या तोंडून ती मी अनेकदा ऐकली होती. वार्डात आई रोज विचारायची, तुझे बाबा आले काय, आणि ही चौदा वर्षांची पोर सांगायची, साहेब रजा देऊन नाही राहिले, आई. तो साहेब कोण, कुठला, हिने कधी पाहिला नव्हता. पण त्याच्याइतका राग तिने आयुष्यात कोणाचा केला नाही. दवाखान्यात कोणा अधिकाऱ्याने कोणाला अडवलं, की घरी येऊन म्हणायची, "आमच्या बाबाच्या साहेबाच्या जातीचा दिसते."

त्या सोमवारानंतर अकराव्या दिवशी मामाजी गेले. सकाळची वेळ होती. बायकोची आठवड्याची सुट्टी होती म्हणून ती आदल्या संध्याकाळी आली होती. ती नळी साफ करत होती, मी पाणी तापवत होतो. तिने मला हाक मारली, मोठ्याने नाही. मी आत गेलो तेव्हा तिने त्यांच्या मनगटावर बोटं ठेवलेली होती आणि घड्याळाकडे पाहत होती, दवाखान्यात पाहतात तसं. मग तिने बोटं काढली, नाकातली नळी हळूच ओढून काढली आणि नळीच्या पट्टीने पडलेला गालावरचा वळ अंगठ्याने चोळत बसली.

साळा दुपारच्या गाडीने पोचला. त्याने माझे पाय धरले. मी त्याला उठवायला गेलो, तर तो उठेना. "मी यायला पाहिजे होतं, भाऊजी," एवढंच पुन्हा पुन्हा. विहारातली मंडळी आली, त्रिशरण-पंचशील झालं, मोहल्ल्याने खांदा दिला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, गेलेल्याच्या नावाने सगळे पुन्हा जमले तेव्हा, विहारातले एक वयस्कर गृहस्थ बोलायला उभे राहिले. म्हणाले, पोरानं करावं त्यापेक्षा जास्त जावयानं केलं. साळा समोरच सतरंजीवर बसला होता. त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. त्यांनी थांबावं असं मला वाटत होतं, पण ते थांबले नाहीत. नंतर बायकांमध्ये बसलेली माझी बायको म्हणाली, "आईच्या वेळी बाबाले साहेबानं रजा देली नाही. यांच्या साहेबानं तरी देली." सगळ्यांनी माना हलवल्या. मी सतरंजीच्या पट्ट्यांकडे पाहत राहिलो.

बोरगावला गेलो तेव्हा माझं नाव कटलेलं होतं. बाबूने रजिस्टर माझ्याकडे फिरवून दाखवलं. मग तोच मला ठेकेदाराकडे घेऊन गेला. कायम कामगाराचा पास निळा, ठेकेदाराच्या माणसाचा पिवळा. मला पिवळा मिळाला आणि रिंग फ्रेमऐवजी ब्लो रूम, जिथे कापसाच्या गाठी फोडतात आणि दिवसभर हवेत तूस उडत असतं. घरी मी सांगितलं नाही. पास गेटबाहेर आलो की खिशात घालायचो. असे तीन आठवडे गेले.

एके दिवशी बायको माझा सदरा धुवायला घेताना खिसे पाहत होती. पास हातात घेऊन ती मोरीतून बाहेर आली.

"हा पिवळा कायचा?"

मी पास घ्यायला हात पुढे केला, तिने दिला नाही.

"साहेबानं रजा वाढवून देली होती ना?"

"नव्हती देली."

ती खाली बसली. माझी सतरा वर्षांची नोकरी तिला माझ्याइतकीच पाठ होती. थोड्या वेळाने तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "सारे साहेब एकसारखेच. बाबाचा तो, अन् तुमचा हा."

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. मी पुष्कळदा विचार केला, का बोललो? घशात दिवसभराचं तूस होतं, थकलेला होतो. ती माझ्यासाठी रडत होती आणि त्यातही तो साहेब येऊन बसला, हे मला सहन झालं नसेल. की एवढं वजन एकट्याने बाळगायचा कंटाळा आला होता? माहीत नाही. मी म्हणालो, "बाबांनी साहेबाला विचारलंच नव्हतं."

मग सगळं सांगावं लागलं. अंगण, तेल, बोल्ट आवळला का आवळला, सगळं. ती ऐकत होती. हातातला पास तिने उलटा-सुलटा केला नाही, काही केलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "आईले ते मी सांगितलं होतं. माह्या तोंडानं. रोज."

"तुला कुठं माहीत होतं?" मी म्हणालो. "अन् तुझ्या आईला तरी वाटलं ना, की माणूस येणार होता, साहेबानं अडवला. तेवढं तरी बरं..."

"तुम्ही नका सांगू मले, काय बरं अन् काय वाईट."

ती उठून सदरा धुवायला गेली. सदरा धुऊन झाल्यावरही नळ बराच वेळ चालू होता.

दोन दिवसांनी ती पुन्हा बोलली. मला वाटलं होतं, बापावर रागावली असेल. राग माझ्यावर होता. "ते अकरा दिवस जिवंत होते त्याच्यानंतर," ती म्हणाली. "मी दोनदा येऊन गेली त्यात. तुम्ही मले तवाच सांगितलं असतं, तर मी त्यांले विचारलं असतं. भांडली असती. रडली असती त्यांच्यापाशी. आता कोणाले विचारू?"

मला वाटलं होतं की मी तिला वाचवतो आहे. खरं म्हणजे मला त्या घरात शेवटच्या दिवसांत भांडण नको होतं. हाताला काम होतं, ते करत राहणं बरं वाटत होतं.

आता दीड वर्ष झालं. मी अजून पिवळ्या पासावरच आहे. तिचा करार मात्र पुन्हा झाला, त्यामुळे घर चालतं. पांढुर्ण्याचं घर साळ्याने भाड्याने दिलं. तो वर्षातून दोनदा येतो, मला भाऊजी म्हणतो आणि माझ्या नजरेला नजर देत नाही. साहेबांना शिव्या देणं बायकोने बंद केलं आहे. दवाखान्यातलं काही सांगताना कोणी अधिकारी आला की ती नुसती पुढे जाते. बापाबद्दल वाईट बोलत नाही, चांगलंही बोलत नाही. त्यांचा फोटो तिने आईच्या फोटोशेजारी लावला नाही. तो कपाटात आहे, आणि मी तो काढून लाव असं म्हणत नाही.

अधूनमधून मात्र ती एखादा प्रश्न विचारते. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. एका वेळी एकच. बाबा सांगताना रडले काय? नाही. माह्यं नाव घेतलं काय? पोरगी म्हणाले, नाव नाही घेतलं. डोळे उघडे होते का मिटलेले? मिटलेले. मी जसं आठवतं तसं सांगतो, जोडत नाही, गाळत नाही. ती ऐकते आणि पुन्हा काही आठवडे विषय काढत नाही.

मागच्या आठवड्यात ड्युटीला निघताना पायात चप्पल घालता घालता तिने विचारलं, "आई गेल्याचं त्यांले कोणी सांगितलं होतं? लाइनीवर होते ना ते?"

मी आठवून पाहिलं. "ते नाही सांगितलं त्यांनी."

"विचारायचं होतं," ती म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून निघून गेली.